जन्माआधी वारलेली नवरी

ही गोष्ट तुम्हाला खरी वाटणार नाही. आजवर कुणालाच वाटलेली नाही. त्या कोपऱ्यात नाकावर चष्मा सरकवून शब्दकोडं सोडवत बसलेल्या बाईंना तर मुळीच नाही. त्यांच्याकडे बघू नका. त्या एकदा चौकटी भरायला बसल्या की त्यांना हाकसुद्धा ऐकू येत नाही. तर सांगतो. मी अशी एक नवरी पाहिली आहे, जी लग्नाच्या आधीच सहीशिक्क्यानिशी, रीतसर वारलेली होती.

मृत्यूनोंदणीच्या कचेरीत एक तरुण कारकून होता. त्याच्या खिडकीशी येणारी माणसं पडल्या चेहऱ्यानं यायची, म्हणून त्यानं हळू, हळहळत बोलायची सवय लावून घेतली होती. ती इतकी अंगवळणी पडली, की घरी त्यानं भाजी वाढायला सांगितली तरी आई विचारायची, कोण गेलं रे?

एका सकाळी त्या खिडकीत एक मुलगी आली... आणि हसली. तिथं हसण्याची पद्धत नव्हती. कारकुनाच्या हातातला शिक्का कागदाऐवजी त्याच्या मनगटावर उमटला.

"मला मृत्यूचा दाखला हवाय," ती म्हणाली. "लग्नासाठी."

"कुणाच्या लग्नासाठी?" कारकुनाचा आवाज नेहमीपेक्षाही खोल गेला.

"मावशीच्या. तुम्ही का एवढे घाबरलात?"

मग तिनं सगळं सांगितलं. आईवडील ती तान्ही असतानाच गेले, भावंड कुणी नाही, मावशीनंच वाढवलं. मावशीचे यजमान फिरत्या नाटक कंपनीत दिवे सांभाळायचे. कंपनी या गावी आली असताना ते इथंच गेले, हिच्या जन्माच्या कितीतरी आधी. आता केस पिकल्यावर मावशी कोपऱ्यावरच्या घड्याळजीशी लग्न करणार होती. तो गृहस्थ तिचं एकच घड्याळ वर्षानुवर्षं दुरुस्त करत होता आणि घड्याळाला काहीही झालेलं नव्हतं. फक्त लग्ननोंदणीवाले पहिल्या नवऱ्याचा दाखला मागत होते, आणि तो मावशीच्या गावच्या कचेरीत सापडत नव्हता.

कारकून म्हणाला, तिथं सापडणारच नाही. माणूस राहतो तिथं नोंद होत नाही, शेवटचा श्वास घेतो तिथं होते. मुलीनं साल सांगितलं. त्यानं त्या सालचं दप्तर काढलं, वरून खाली पाहिलं, खालून वर पाहिलं. काका नव्हते.

मुलीचं हसू विझलं. मावशीनं लुगडंही निवडलंय हो, असं ती कुणालाच उद्देशून न म्हणता म्हणाली.

नियमानं कारकुनानं ‘नोंद आढळत नाही’ असं लिहून द्यायचं आणि पुढच्या माणसाला हाक मारायची. पण त्यानं विचारलं, की खबर दिली कुणी? कंपनीच्या माणसांनी, ती म्हणाली. मग काय, कंपनीची माणसं आधी ठरलेले प्रयोग उरकणार आणि मग कचेरीची पायरी चढणार. नोंद कुठल्या दप्तरात जाते ते माणूस गेल्याच्या तारखेवर नाही, कळवल्याच्या तारखेवर ठरतं. पुढच्या सालात बघायला हवं. ती दप्तरं मागच्या खोलीत होती आणि तिथं बाहेरच्या माणसाला मज्जाव होता. हे सांगायला कारकुनानं तोंड उघडलं, आणि तोंडातून निघालं, "तुम्ही... या ना आत."

मागची खोली म्हणजे छतापर्यंत मेलेली माणसं. झरोक्यातून उन्हाची एक तिरीप आत आली होती आणि तिच्यात धूळ अशी चमकत होती, जणू कुणी मुद्दाम उधळली असावी. मुलगी शिंकली. कारकुनानं शिडीवरून दप्तर उतरवलं आणि दोघं एकाच पानावर वाकली. तिची एक बट त्या नावांवर उतरली. तिनं ती कानामागं सारली. ती पुन्हा उतरली...

"सापडलं का?" तिनं विचारलं.

"काय?"

"काका."

"हां, काका. नाही... म्हणजे बघतोय."

"बघताय खरं. पण दप्तर इकडं आहे."

काका सापडले ते तिलाच. नाव, गाव आणि व्यवसायाच्या रकान्यात ‘नाटकातला दिवेवाला’. तिनं त्या शब्दांवर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाली, "मावशी म्हणते, आपल्यावर उजेड कसा पाडायचा ते त्या माणसाला बरोबर कळायचं."

खिडकीशी परत येऊन तिनं अर्ज भरला. वर मृताचं नाव, खाली अर्जदाराचं. कारकुनाला खूप काही बोलायचं होतं. पुन्हा कधी येणार, कचेरीसमोर चहा बरा मिळतो, वगैरे. दाखला झाला की ही दुपारच्या गाडीनं जाणार... अर्जावरून नाव उतरवताना, दप्तरातून बाकीचं उतरवताना, सही करताना तो वाक्य जुळवत होता. अखेर शिक्का मारून जे वाक्य बाहेर पडलं ते असं, "शाई ओली आहे. हात लावू नका."

ती जरा थांबली. मग गेली.

दुसऱ्या दिवशी खिडकी उघडायच्या आधीच ती दारात हजर. तिनं दाखला त्याच्यासमोर ठेवला.

"मी वारले," ती म्हणाली. "सांत्वन करा."

कारकुनानं वाचलं. नाव तिचं. बाकी सगळं काकांचं. दाखल्याप्रमाणे ती नाटकात दिवे लावायची आणि स्वतःच्या जन्माआधीच देवाघरी गेली होती.

तो तडक मोठ्या साहेबांपुढे उभा राहिला. कुणी अर्ज काढून बघायच्या आतच त्यानं सांगून टाकलं, चूक माझी. साहेब हसले नाहीत. ते कचेरीत रुजू झाल्यापासून हसलेले नव्हते. त्यांनी दाखला उजेडात धरला, शिक्का अस्सल असल्याची खात्री केली आणि निकाल दिला. शिक्का बसला म्हणजे बाई मयत. त्या नोंदीवर दाखला निघालाय. तो दुरुस्त झाल्याशिवाय दुसरा निघणार नाही. आणि दुरुस्ती मयत माणसाला स्वतः मागता येत नाही, त्याला जवळचं माणूस लागतं. आईवडील, भावंडं, मुलं, नाहीतर नवरा.

"मावशी?" मुलीनं विचारलं.

मावशी यादीत नव्हती.

म्हणजे मावशीचं लग्न अडलं. तिकडं घड्याळजी नवा कोट घालून बसलेला, इकडं ही खिडकीबाहेरच्या बाकावर. कारकून खिडकी सोडून बाहेर आला. रांगेतली माणसं बघत होती. आयुष्यात पहिल्यांदाच तो मोठ्यानं बोलला.

"मी... अर्ज करू का?"

"तुम्ही माझे कोण?"

"अजून कोणीच नाही. पण यादीत एक जागा रिकामी दिसतेय."

तिनं त्याच्याकडं पाहिलं. मनगटावर कालचा शिक्का अजून पुसट दिसत होता.

"मेलेल्या बाईला मागणी घालताय," ती म्हणाली. "हिंमत आहे."

"तुम्ही हो म्हणा. जिवंत करायचं माझ्याकडं लागलं."

ती हो म्हणाली, आणि रांगेत मागं उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्यानं काठी बगलेत धरून टाळ्या वाजवल्या. मग सगळी रांगच वाजवू लागली. मृत्यूच्या खिडकीसमोर असला गजर त्या कचेरीनं कधी ऐकला नव्हता.

लग्ननोंदणीच्या खिडकीवर काही अडलं नाही. तिथं वधूचा जन्माचा दाखला मागतात. वधू वारलेली आहे का, हे विचारायची रीत नाही. हार गळ्यात तसाच ठेवून नवरदेव मृत्यूनोंदणीत आला आणि अर्जात ‘मयताशी नातं’ यापुढं त्यानं ठळक अक्षरात लिहिलं, पती. साहेबांनी सही केली आणि, शपथेवर सांगतो, ते हसले. बायको जिवंत झाली, काका रीतसर वारले, मावशी त्याच संध्याकाळी घड्याळजीची झाली, आणि तिचं घड्याळ त्या दिवसापासून एकदाही बिघडलेलं नाही.

आणि आता खरं गुपित ऐका. तो कारकून दिसायला भोळा, पण पक्का बेरकी. ती चूक चूक नव्हतीच मुळी. मुलगी हातची जाऊ नये म्हणून त्यानं ते नाव मुद्दामच—

"थापा," कोपऱ्यातून बाई म्हणाल्या. त्यांनी कोड्यातून मान वर केली नव्हती. "तुम्ही न वाचता शिक्का मारला होता. वरच्या चौकटीत माझं नाव मी लिहिलं होतं. तुम्ही काही बोलेनात, म्हटलं एक खेप तरी वाढेल. मरावं लागेल हे मला काय ठाऊक?"