आई, आलो

त्या दिवशी मी फक्त दोऱ्याचं रीळ आणायला गेले होते.

मे महिना. देवळीचा बाजार ऊन चढायच्या आतच पेंगायला लागलेला. दुकानदार हरिदासकाका म्हणाले, "काय शिवून राह्यली, सूनबाई? पोरीचं झबलं काय?" मी नुसती हसले. कॉम्प्युटरचं काळीज उपटायला दोरा पाहिजे, हे त्यांना कसं सांगणार!

आमच्या समोरच्या खोलीत हे, म्हणजे माझ्या रक्षाचे बाबा, लग्नपत्रिका टाइप करायचे. कॉम्प्युटर मात्र त्यांचा नव्हता. तो माझ्या दिराचा, स्वप्निलभाऊजींचा. रेडिओ, टीव्ही, जे मिळेल ते उघडून बसायचे. बोटांना कायम राळेचा वास. तारा जोडायच्या झाळणाच्या गरम सुईवर राळ टेकवली की देवळातल्या धुपासारखा धूर निघतो ना, तो वास.

कॉम्प्युटरच्या आत एक हिरवी पाटी असते आणि तिच्यावर एक काळी चिप. घरातली बाई कशी सगळ्यांच्या आधी उठते आणि मग एकेकाला उठवते, तशी ती चिप. तिला बायॉस म्हणतात. बटन दाबलं की पडद्यावर आधी कंपनीचं नाव येतं, ते तिच्यातूनच. भाऊजींनी काय केलं, त्या चिपमधलं कंपनीचं चित्र काढून आपलं बसवलं. ठिपका ठिपका जोडून काढलेलं आमचं घर, कडुनिंब, दारात सूप घेऊन उभ्या सासूबाई. खाली दोन शब्द : आई, आलो.

संध्याकाळी घरी आले की फाटकातून ते हेच ओरडायचे.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मित्रांसोबत पवनारला गेले, धाम नदीत उतरले, ते आलेच नाहीत. तेव्हापासून दीड वर्ष सासूबाई रोज दिवेलागणीला येऊन बटन दाबायच्या. चित्र यायचं, डोळ्याची पापणी लवावी तेवढा वेळ थांबायचं, जायचं. मग त्या उठून चूल पेटवायच्या. कधी रडल्या नाहीत. म्हणायच्या, "आला. हातपाय धुतले असतीन आता."

मला त्या खोलीत पोरीला न्यायला भीती वाटायची. ती वर्षाचीही नव्हती. आमच्या घरी नजर, बाहेरची बाधा, काही मानत नाहीत. मी तीट लावली की हे चिडवायचे, "पोरगी हाय का टपालाचं पाकीट? किती शिक्के मारतं?" म्हणून मी तीट लपवून लावायची. कधी कानामागे, कधी तळपायाला, कधी काखेत. काजळाची डबी माझ्या पदराच्या गाठीत. कुठे लावली ते मलाच ठाऊक.

मग ह्यांनी नवी, मोठी डिस्क आणली. जुन्या बायॉसला ती दिसेना. कंपनीची नवी फाइल फ्लॉपीवर आणून ती चिपवर चढवायला बसले. नवं लिहायच्या आधी जुनं पुसावं लागतं. जुनं पुसलं आणि लाइन गेली.

परत आली तेव्हा पडदा काळा. पंखा फिरतो, दिवा लागतो, पण घर उठवणारी बाईच उठेना. चित्र डिस्कवर असेल, पुन्हा बसवू, असं ह्यांनी धरलं होतं. दुसऱ्याच्या मशीनला लावून सगळी डिस्क धुंडाळली. चित्र चिपमध्येच होतं, आणि तिथूनच पुसलं गेलं होतं.

सासूबाई संध्याकाळी बटन दाबत बसल्या. पुन्हा पुन्हा. मग एवढंच म्हणाल्या, "प्रफुल, माह्या पोराचा घरी याचा रस्ता बुजवला रे तुनं."

त्या रात्रीपासून त्यांनी ताटाला हात लावला नाही. नुसता चहा. हाताच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या.

"मशीन जिवंत करतो, आई," हे म्हणाले. "पण चित्राचं नाई सांगता येत. फाइल कंपनीची हाय."

"तू कर," सासूबाई म्हणाल्या. "बाकीचं तो पाहीन."

वर्ध्याच्या मित्राकडून ह्यांनी अगदी तशीच हिरवी पाटी आणली. मित्राची चांगली चिप लावून मशीन चालू करायचं, आणि ते चालू असतानाच ती उपटून तिच्या जागी आपली मेलेली चिप दाबायची. मग मशीन तिच्यावरच नवं लिहितं. उचकटायला लोखंडी पेचकस लावला तर घसरून सगळं जळेल, म्हणून आधीच चिपेखालून दोरा ओवून ठेवायचा आणि दोन्ही टोकांनी सरळ वर उचलायची.

"चालत्या बंडीचं चाक बदलाचं हाय, भावना. हात हालू नको देजो."

"लाइन गेली तं?"

"आज दुपारी लाइन जाची पाळी नाई. पण गेली तं दोन्ही पाट्या गेल्या समज. त्याची बी, आपली बी."

भर दुपार झाली. बाहेर चिटपाखरू नाही. शेजारच्या चक्कीचा पट्टा धप धप वाजत होता आणि खिडकीतून गव्हाच्या पिठाचा गरम वास येत होता. सासूबाई रक्षाला कडेवर घेऊन उंबऱ्यात उभ्या. मी दोऱ्याचं एक टोक बोटाला गुंडाळलं, ह्यांनी दुसरं धरलं. चिप दात उपटल्यासारखी अलगद वर आली. हातातलं टोक सोडून ह्यांनी तिच्या जागी मेलेली चिप अंगठ्याने दाबली, कळ मारली. फ्लॉपी घरघरली. पडद्यावर पांढरे चौकोन एकामागे एक उमटायला लागले.

आणि चक्की थांबली.

धप... धप... मग काहीच नाही. डोक्यावरचा पंखा मंदावत थांबला. लाइन गेली होती. बॅटरी वगैरे आमच्याकडे काही नव्हती.

पडदा मात्र उजळलेलाच होता.

चौकोन उमटत होते. घाईने नाही, कोणी मन लावून ठिपका ठिपका जोडावा तसे. ह्यांचा अंगठा चिपेवरच थिजलेला. कपाळावरून घाम ओघळत होता, पण पुसायची हिंमत नाही.

"आई..." हे कसेबसे म्हणाले.

"हात नको हालवू," उंबऱ्यातून सासूबाई कुजबुजल्या. "करू दे त्याले."

"कोणाले...?"

तेव्हाच मला राळेचा वास आला. झाळणाची सुई तर कित्येक महिने कोणी तापवली नव्हती. माझ्या बोटाला ओढ लागली म्हणून मी खाली पाहिलं. दोऱ्याचं एक टोक माझ्या बोटाला होतं. दुसरं ह्यांनी केव्हाच सोडलं होतं, चिप घरंगळून टेबलावर पडली होती. तरी दोरा हवेत ताठ होता. पलीकडून कोणी तोल सांभाळून धरावा, तसा.

रक्षा हसली. कोणी ओळखीचं दिसलं की हसायची, तशी.

शेवटचा चौकोन भरला. दोरा सैल पडला. मग पडदा विझला.

लाइन आली तेव्हा ऊन उतरलं होतं. बटन सासूबाईंनीच दाबलं. घर आलं. कडुनिंब आला. सूप घेऊन उभ्या सासूबाई आल्या. आई, आलो.

"कंपनीची फाइल होती," हे खाली बसत म्हणाले. "तिच्यात हे असनच कसं?"

सासूबाई उठल्या, चूल पेटवली. त्या रात्री भाकर खाल्ली, वर पिठलं मागून घेतलं. त्यांना जेवताना बघून माझे डोळे भरून आले. म्हणून मी कोणाला सांगितलं नाही की चित्रात एक गोष्ट नवी होती.

कडुनिंबाखाली पाळणा होता. पाळण्यात लेकरू. भाऊजी गेले तेव्हा मला दिवस गेलेत हे मलाही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम सासूबाईंच्या मागे उभी राहिले. चित्रातल्या लेकराचा एक पाय उचललेला, तळव्यावर काळा ठिपका. सकाळी मी तीट तळपायालाच लावली होती. त्याच्या दुसऱ्या दिवशी कानामागे लावली. चित्रात मान वळलेली, ठिपका कानामागे. मी धावत जाऊन रक्षाचा कान पाहिला. आणि खोटं कशाला बोलू, थोडा धीरही आला. इतकं बारीक कोण बघतं दुसऱ्याच्या लेकराकडे?

तरी आईचं मन. एके दिवशी मी तीट लावलीच नाही. न्हाऊ घातलं, अंगाची घडी न घडी पुसली, पाळण्यात निजवलं. दिवेलागणीला बटन दाबलं गेलं.

लेकरू समोर बघत होतं. कपाळाच्या मधोमध ठिपका.

मी आतल्या खोलीत धावले. पाळणा हळूहळू हलत होता. रक्षा गाढ झोपलेली, आणि कपाळाच्या मधोमध तीट. ओली. माझ्या बोटापेक्षा जाड बोटाची. वाकले तर राळेचा वास.

मी पदराची गाठ चाचपली. काजळाची डबी आतच होती.

मागे पावलं वाजली. सासूबाई दारात येऊन थांबल्या, आत आल्या नाहीत. झोपल्या लेकराजवळ बोलावं तशा हलक्या आवाजात म्हणाल्या,

"भावना... आज कुठी लावली वं त्यानं?"