काळ्या डब्यातलं काळीज

रविवारी दुपारी जेवणं उरकून जर्मनीतलं अख्खं रोडेनराथ गाव पडद्यांमागे आडवं झालं होतं. त्याच वेळी टेसा लिंडक्विस्ट रिकाम्या बाटल्यांची पिशवी घेऊन कोपऱ्यावरच्या काचकचऱ्याच्या पिंपाशी गेली आणि पहिली बाटली तिने आत सोडली.

खळ्‌कन आवाज झाला. समोरच्या घरांचे पडदे हलले. टेसाने पडद्यांकडे बघून हात हलवला. ती अमेरिकेतल्या नेब्रास्काची होती. तिकडे पडदा हलला की हात हलवतात. मग तिने दुसरी बाटली उचलली.

"थांब!"

बुडणाऱ्याला वाचवायला धावावं तसा एक उंच मुलगा सायकलवरून उतरला.

"आज रविवार आहे," तो धापा टाकत म्हणाला.

"मग? बाटल्यांना रविवारची सुट्टी असते?"

"बाटल्यांना नसते. कानांना असते."

टेसा हसली. तो हसला नाही, पण त्याचे स्वतःचे कान लालबुंद झाले. ते कान टेसाला भलतेच आवडले.

"मी टेसा. किर्फेलबाईंकडे राहते, जुलैअखेरपर्यंत."

"माहीत आहे."

"कसं?"

"सगळ्या गावाला माहीत आहे. बुधवारी तू दह्याचा डबा कागदांच्या कचऱ्यात टाकलास."

त्याचं नाव लोरेंझ टेलेन. बॉनच्या विद्यापीठात तो भूमापन शिकत होता, आणि गावच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवत होता. त्याने तिच्या हातातली पिशवी काढून घेतली, "उद्या सकाळी जाता जाता टाकतो" म्हणाला, पिशवीत डोकावला आणि अगदी हळू आवाजात, एखादं गुपित सांगावं तसा पुढे म्हणाला, "हिरव्या बाटल्यांचं भोक वेगळं असतं."

प्रेमाची सुरुवात याहून वाईट झालेली माणसंही सुखाने नांदतात.

टेसाही बॉनलाच शिकायला जायची. रोज सकाळी ट्रामच्या थांब्यावर दोघं भेटू लागले. एप्रिल तो — मिनिटाला ऊन, मिनिटाला सर. छत्री लोरेंझकडे असायची, कारण लोरेंझकडे सगळं असायचं. तो छत्री अशी मोजूनमापून धरायचा की टेसावर एक थेंबही पडायचा नाही आणि त्याचा डावा खांदा रोज निथळायचा.

"जरा इकडे सरक ना," ती म्हणायची.

"नको. ठीक आहे."

"भिजतोयस."

"अर्धाच."

एरवी त्यांचं बोलणं कचऱ्याविषयी चालायचं. सालपटं तपकिरी डब्यात, कागद निळ्या, वेष्टनं पिवळ्या, आणि ज्याला जगात कुठेच जागा नाही ते काळ्या. टेसा मन लावून शिकली. चहाची पुडी दोरा, कागद आणि चोथा सुटा करून टाकायला लागली, तेव्हा किर्फेलबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

टेसाला मात्र एकच कळत नव्हतं. या मुलाला मी आवडते, की माझं वर्गीकरण? त्याच्याकडून एखादी खूण मिळावी म्हणून ती झुरत होती. नेब्रास्कातला मुलगा असता तर एव्हाना दोनदा प्रेम सांगून एकदा मागेही घेतलं असतं. हा ट्रामच्या दारात तिला आधी चढू द्यायचा, तिच्याकडे एकदा बघायचा आणि मग स्टेशन येईपर्यंत आग विझवायच्या नळकांड्यावरच्या सूचना वाचायचा.

एप्रिलच्या शेवटच्या दिवशी किर्फेलबाई बहिणीकडे निघाल्या. "उद्या दुपारी येते. दारापुढचं अंगण स्वच्छ ठेव हो, मुली. सुट्टीचा दिवस आहे, लोक बघतात."

त्याच संध्याकाळी लोरेंझ ट्राममधून उतरताना अडखळत म्हणाला, "आज... घरीच आहेस?"

"हो."

"आणि उद्या सकाळी?"

"उद्याही घरीच. का रे?"

"काही नाही," असं म्हणून तो सायकल विसरून चालत घरी गेला.

एक मेच्या सकाळी टेसाने दार उघडलं. दारापुढे झाड उभं होतं. चांगलं छपरापर्यंत पोचणारं बर्चचं झाड, पन्हळीच्या नळाला तारेने बांधलेलं. फांद्यांना रंगीत कागदाच्या झिरमिळ्या लोंबत होत्या. मधोमध लाकडाचं एक लाल हृदय. त्यावर नाव-गाव काही नाही.

आदल्या संध्याकाळी गावात नाच होता, आरडाओरडा तिच्या खोलीपर्यंत येत होता. झिंगलेल्या पोरांनी मांडवातलं हे धूड उचलून इथे आणून टाकलं, हे उघड होतं. किर्फेलबाईंचं घर द्राक्षमळ्यांच्या कडेला, गल्लीत सगळ्यात शेवटी. दुसऱ्या कुणाच्या दारात काय उभं आहे ते तिथून दिसत नाही. आणि जे सगळ्यांना माहीत असतं ते कुणी कुणाला सांगत नाही.

टेसाने बाह्या सरसावल्या. सुट्टी म्हणून आवाज न करता, हातकरवतीने, अगदी प्रेमाने तिने झाड कापलं. डहाळ्या तपकिरी डब्यात. झिरमिळ्या निळ्यात. तारेचं भेंडोळं भंगाराच्या टोपलीत. खोडाचे ओंडके शिस्तीत रचले. शेवटी हातात ते लाल हृदय उरलं, आणि ती जराशी थबकली. लाकूड खरं, पण रंगवलेलं.

तेवढ्यात मे महिन्याचं स्वागत वाजवत गावचा बँड गल्लीत शिरला. आधी बासरीवाल्यांनी पाहिलं, मग ढोलवाल्याने. एकेक वाद्य गप्प होत गेलं. शेवटी फक्त तुतारीवाले आजोबा वाजवत राहिले, कारण ते डोळे मिटून वाजवतात.

दुसऱ्या रांगेत लोरेंझ उभा होता. कापलेले केस, इस्त्रीचा सदरा, हातात ट्रॉम्बोन.

"लोरेंझ! बरं झालं भेटलास," टेसा हर्षाने म्हणाली. "बघ, सगळं वेगळं केलंय. हे तेवढं राहिलं. हे कशात रे?"

लोरेंझने हृदयाकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

"रंगवलेलं लाकूड," तो म्हणाला, "काळ्या डब्यात."

टेसाने झाकण उचलून ते आत टाकलं. लोरेंझने मान डोलावली, म्हणजे उत्तर बरोबर होतं. मग त्याने ट्रॉम्बोन तोंडाला लावला आणि बँड पुढे गेला.

दुपारी किर्फेलबाई आल्या, ओंडक्यांची रास पाहिली आणि टोपीसकट पायरीवर बसल्या.

"अगं माझे आई... हे कुणी केलं?"

"मी! छान झालंय ना?"

"मुली, आमच्याकडे पोरगा तोंडाने बोलत नाही. एक मेला पोरीच्या दारी झाड बांधतो. महिनाभर ते झाड उभं राहतं, येणारा-जाणारा बघतो. एकतीस तारखेला पोरगा झाड उतरवायला येतो. मग पोरीचा बाप त्याला बिअरचा खोका देतो, आई केक देते."

"आणि पोरगी?"

"पोरगी मुका देते. पसंत नसला तर नुसताच केक खाऊन जातो बापडा. पण झाड कापून डब्यात भरणारी तू पहिलीच."

टेसा मटकन बाईंच्या शेजारी बसली. महिनाभर ज्या खुणेची वाट पाहिली ती आली, आणि टेसाने तिचे जातवार तुकडे केले होते. थोड्या वेळाने ती उठली, काळ्या डब्यात खांद्यापर्यंत हात घातला आणि हृदय बाहेर काढलं. ते तिने घासून, पुसून उशाशी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तिने त्याला थांब्यावर गाठलं.

"लोरेंझ, मला माहीत नव्हतं रे!"

"मला कळलं ते. नंतर."

"मला झाड आवडलं. खरंच. फार फार आवडलं!"

लोरेंझ जरासा हसला. "टेसा, तुला ही ट्राम फार फार आवडते. राय धान्याचा पाव फार फार आवडतो. परवा माझ्या सायकलची घंटा फार फार आवडली."

"पण हे वेगळं आहे!"

"असेल. मला मोजता येत नाही. तू चांगली आहेस, म्हणून माझं वाईट वाटून घेतेयस. तसं नको." त्याने छत्री उघडून तिच्या हातात दिली आणि स्वतः पावसात ट्रामच्या पुढच्या डब्याकडे गेला. पूर्ण भिजत.

तिने पुन्हा पुन्हा सांगून पाहिलं. त्याने दर वेळी नीट ऐकून घेतलं, मान डोलावली आणि विश्वास ठेवला नाही. शब्दांचा खजिना तिने राय धान्याच्या पावावर उधळला होता, आता हात रिकामे होते. बेकरीत गेलं की मालकीणबाई विचारायच्या, "आज करवत घरीच ठेवली वाटतं?" मे महिना सरत आला. जुलैअखेरच्या विमानाचं तिकीट टेबलावर पडलं होतं, आणि ते विमान आता तिला सारखं आणखी जवळ आल्यासारखं वाटायचं.

"मग मी त्याच्या दारी झाड लावते," एका सकाळी ती पावाला लोणी लावता लावता म्हणाली.

किर्फेलबाईंचा सुरीचा हात थांबला. "पोरींनी फक्त लीप वर्षी लावायचं असतं."

हेच तिला गेरेऑननेही सांगितलं. गेरेऑन म्हणजे अविवाहित तरुण मंडळाचा अध्यक्ष, वय चौतीस. झाडांचा सगळा कारभार मंडळाकडे होता. "चार वर्षांतून एकदा," तो म्हणाला. "थांबायचं."

"मी तेव्हा इथे नसेन."

"त्याला मंडळ काय करणार? शिवाय झाडं मेच्या आरंभी लावतात. आता उतरवायची वेळ आली."

टेसा तोंड पाडून परतली. किर्फेलबाई तिचं ऐकून खिडकीशी गेल्या.

"मी थांबले होते," त्या म्हणाल्या. "व्हिलीसाठी. काय उमदा दिसायचा! लीप वर्ष फेब्रुवारीत कळतं, व्हिलीचं लग्न जानेवारीत झालं. मग किर्फेल आले. चांगले होते बिचारे. पण झाड काही त्यांनी लावलं नाही. पाऊस होता म्हणाले." त्यांनी डोक्यावर टोपी चढवली. "ऊठ. मळ्याच्या वर माझी टेकडी आहे. तिथले बर्च माझे आहेत, मंडळाचे नव्हेत."

एकतीस मेच्या भर दुपारी रोडेनराथच्या मोठ्या रस्त्यावरून हातगाडी निघाली. पुढून टेसा ओढत होती, मागून किर्फेलबाई ढकलत होत्या, आणि गाडीवर बर्च आडवा होता, तो दोन्ही बाजूंनी झिरमिळ्या उडवत चालला होता. आपापली झाडं उतरवून बिअरचे खोके घेऊन निघालेली पोरं जागच्या जागी थांबली. बेकरीवाल्या मालकीणबाई पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. टेलेनांच्या दारापर्यंत पोचेतो गाडीमागे गावजेवणाइतकी माणसं झाली होती.

"हे चालणार नाही!" गेरेऑन धावत आला. "हे लीप वर्ष नाही!"

"बाजूला हो रे, चाक पायावरून जाईल," किर्फेलबाई म्हणाल्या, आणि खरंच तसं झालं.

टेसाने झाड उभं केलं आणि टेलेनांच्या पन्हळीला बांधलं. हृदयावर या वेळी लोरेंझचं नाव होतं. पहिलं नाव, आडनाव आणि घर क्रमांक, म्हणजे शंकेला जागा नको. मग तिने घंटा वाजवली.

दारात टेलेनसाहेब, त्यांच्या मागे टेलेनबाई आणि सगळ्यांत मागे लोरेंझ आला. त्याने झाड पाहिलं, गर्दी पाहिली, हृदय पाहिलं. ओळखलंच त्याने ते.

"हे तर..."

"काढलं बाहेर. त्याच दिवशी," टेसा म्हणाली. "महिना झाला, उशाशी होतं."

लोरेंझने हृदयावरचं नाव वाचलं, घर क्रमांकासकट.

"तुला शब्द मोजता येत नाहीत ना? मग हे मोज. टेकडीवरून ओढत आणलंय. सगळ्या गावादेखत. आता तू नुसता केक दिलास, तर केक खाऊन जाईन मी."

"पण टेसा... आज एकतीस तारीख. आज झाडं उतरवतात."

"म्हणून तर लावायला आणि उतरवायला एकदमच आले. माझ्याकडे वेळ थोडा आहे."

"नियमात असं कुठेही—" गेरेऑन पाय चोळत म्हणाला.

"गेरेऑन, गप्प बस," टेलेनसाहेब म्हणाले. त्यांनी डोकं खाजवलं. "म्हणजे आता बिअर मी द्यायची?"

"मुलाचे वडील तुम्हीच ना?" किर्फेलबाईंनी विचारलं.

साहेब तळघराकडे वळले. टेलेनबाई तोवर स्वयंपाकघरातून रुबार्बच्या आंबट देठांचा केक घेऊन बाहेरही आल्या होत्या. महिनाभर पोराचं तोंड बघत त्यांनी दर शनिवारी एक करून ठेवला होता, न जाणो म्हणून. खोका आला. केक आला. सगळं गाव तिसऱ्या गोष्टीकडे बघू लागलं.

तिसरी गोष्ट कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाली होती. लोरेंझ पायरी उतरला, दुसरी उतरला आणि झाडापाशी येऊन थांबला.

"थोडं तिरकं बांधलंयस," तो पुटपुटला.

"किती?"

"मोजलं नाही मी," असं म्हणून त्याने तिचा चेहरा दोन्ही हातांत घेतला. जर्मनीत काम सुरू झालं की नीट पूर्ण करतात. बँडमधली जी माणसं गर्दीत होती त्यांच्याकडे वाद्यं नव्हती, म्हणून त्यांनी तोंडानेच सूर धरला. तुतारीवाल्या आजोबांनी या वेळी डोळे उघडे ठेवले.

"तू जुलैमध्ये जाणार," श्वास घ्यायला थांबल्यावर तो म्हणाला.

"हो."

"नेब्रास्कात बर्च मिळतो?"

"आमच्याच अंगणात आहे एक."

"म्हणजे झाडही तुझ्या वडिलांचं आणि बिअरही त्यांचीच?"

"आमच्याकडे पाहुणचार असाच असतो."

"मग पुढच्या एप्रिलच्या शेवटी मी येतोय," लोरेंझ म्हणाला. तो मोठ्याने बोलला. इतक्या मोठ्याने बोलताना त्याला त्याच्या आईनेही कधी ऐकलं नव्हतं.

टेसाने बिअरचा खोका उचलून खांद्यावर घेतला. तो मदतीला पुढे झाला.

"हात लावू नकोस. झाड लावणारा उचलतो."

"मग मी काय करू?"

"केक धर आणि चल. नदीवर जाऊ."

मागच्या गल्लीने नदी अगदी जवळ. ते मोठ्या रस्त्याने गेले. खांद्यावर खोका घेतलेली मुलगी पुढे, दोन्ही हातांत केक धरलेला मुलगा मागे. वाटेत जो तो दारात येऊन बघत होता. आणि जन्मात कधी विचारल्याशिवाय तोंड न उघडलेला लोरेंझ टेलेन दर दारापाशी थांबून, कुणी विचारायच्या आत सांगत होता, "माझ्या दारी आहे ते झाड. माझ्यासाठी लावलंय!"