खोडलेली बरोबर उत्तरं

जिन्यात तो माझ्यावर आदळला आणि तेवीस वह्या पायऱ्यांवर पसरल्या. "सॉरी, मॅडम," म्हणत त्याने त्या गोळा केल्या, हजेरी नंबराप्रमाणे लावल्या आणि माझ्या हातात दिल्या. पहिल्याच दिवशी इतका नीटनेटका विद्यार्थी? मला तिथेच खटकलं.

आई म्हणते, ही पोरगी किती वाजले ते दोघांना विचारते आणि मग स्वतःचं घड्याळ बघते. खोटं नाही. त्यात क्लासच्या संचालकांनी बजावलं होतं, की या महिन्यात एक निरीक्षक विद्यार्थी बनून येईल आणि माझी नोकरी कायम करायची की नाही, ते त्याच्या अहवालावर ठरेल. मी ताकही फुंकून पीत होते.

आमचा इंग्रजीचा क्लास संध्याकाळी सहाचा, सगळे नोकरदार. त्या आठवड्यात पार्टिसिपल चालू होतं. मी फळ्यावर किटली काढली. उकळणारं पाणी म्हणजे बॉइलिंग वॉटर, काम अजून चालू आहे. उकळलेलं पाणी म्हणजे बॉइल्ड वॉटर, काम उरकलं. मराठीतलं 'णारं' आणि 'लेलं' ओळखा, इंग्रजी जमेल.

त्याने हात वर केला. "मॅडम, मी बोअर्ड आहे की बोअरिंग, हे कोण ठरवणार?"

"बोअर्ड तुम्ही ठरवा," मी म्हटलं. "बोअरिंग आम्ही ठरवू."

वर्ग हसला. तोही हसला, आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला... माझे कान गरम झाले. राग आला असावा, असं मी स्वतःला सांगितलं.

चाचणीत मात्र त्याने सगळं उलटंसुलटं लिहिलं. तुटलेल्या खुर्चीला 'ब्रेकिंग चेअर', हसणाऱ्या बाळाला 'लाफ्ड बेबी'. मी कागद खिडकीच्या उजेडात धरला. प्रत्येक चुकीखाली बरोबर उत्तर होतं — रबराने हलकेच खोडलेलं. खरा चुकणारा माणूस कागद फाटेपर्यंत खोडतो. पुढच्या तिन्ही चाचण्यांत तेच. इथे नक्की पाणी मुरत होतं.

शुक्रवारी वर्ग सुटल्यावर मी त्याला थांबवलं आणि चारही कागद टेबलावर ठेवले.

"तुम्हीच ते निरीक्षक ना?"

"नाही." तो गोंधळला. मग हळूच म्हणाला, "तुम्ही लिहिलेलं सरावपुस्तक ज्या छापखान्यात छापलं, तिथे मी मुद्रितं तपासतो."

"मग शिकायला कशाला आलात?"

तो बाहीवरचा शाईचा डाग चोळत राहिला. मग म्हणाला, की त्या पुस्तकातली दोनशे वाक्यं त्याने तीनदा वाचली होती. गळणारा नळ, बंद पडलेलं घड्याळ, न उघडलेलं पत्र... "दोनशे वाक्यांत कुणी कुणाच्या घरी येतच नाही, मॅडम. वाटलं, ही वाक्यं लिहिणाऱ्या बाईंना एकदा बघावं. पाहिलं, आणि मग जाववेना. सगळं बरोबर लिहिलं असतं, तर तुम्ही वरच्या वर्गात पाठवलं असतं."

गोड बोलणाऱ्यांवर माझा मुळीच विश्वास नाही. मी पुरावा मागितला.

"शेवटच्या मुद्रितात तुम्ही एक वाक्य काढून टाकलंत," तो म्हणाला. "'वाट बघून थकलेल्या बाईने दार लावून घेतलं.' त्याच्या जागी सायकलवरचं वाक्य आलं."

ते वाक्य मी आईलाही दाखवलं नव्हतं.

मी हजेरीपट उघडला आणि त्याच्या नावावर काट मारली. त्याचा चेहरा पडला.

"विद्यार्थ्याबरोबर चहाला जायची इथे मनाई आहे," मी म्हटलं.

त्याला समजायला दोन क्षण लागले. मग त्याने माझी छत्री उचलली आणि आम्ही जिना उतरलो. खाली वर्गातली चार-पाच मंडळी अजून गप्पा मारत होती. आमच्याकडे बघून ती गप्प झाली. यांच्यातलाच एखादा निरीक्षक असणार...

"एक विचारू?" तो म्हणाला, तेही सगळ्यांना ऐकू जाईल असं. "सगळ्यांचेच कागद उजेडात धरून बघता?"

हो म्हणणं सोपं होतं. नोकरीच्या दृष्टीने शहाणपणाचंही.

"नाही," मी म्हटलं, तेवढ्याच मोठ्याने. "फक्त तुमचे."