पाचव्या थरातली गाठ

चलथाणचा साखर कारखाना सुरू झाला की मळीचा गोडसर, आंबूस वास पार हायवेपर्यंत येतो. त्या वासातून आत वळून उसाची चार शेतं ओलांडली की एक बुटकी टेकडी लागते. गावातले लोक तिला नुसतं ‘टेकरो’ म्हणतात. मागच्या नोव्हेंबरात त्या टेकऱ्यावर उत्खननासाठी एक मोठा चौकोनी खड्डा खणायला घेतला होता आणि डिंडोलीची, अकरावीतली वर्षा दर शनिवार-रविवारी त्याच्या काठावर बसून खापरं धूत होती.

खापरं धुण्यात काय एवढं, असं कुणालाही वाटेल. पण वर्षाला विचारा! दोन वर्षांपूर्वी हजेरी देतानाही जिच्या तोंडातून आवाज फुटत नसे, ती पोरगी आता एका हातात जुना टूथब्रश आणि दुसऱ्या हातात मातीचा तुकडा घेऊन शाळेच्या अख्ख्या इतिहास मंडळाला भाषण देत होती.

“हा घड्याचा काठ. आणि हे बूड. बूड ओळखायचं कसं? जाड असतं. श्वेतासारखं.”

शेजारी बसलेल्या श्वेताने टबातलं गढूळ पाणी तिच्या तोंडावर उडवलं.

खड्ड्याच्या उभ्या भिंतीत मातीचे पट्टे दिसत. गादीवर गादी रचावी तसे थर. वरचा पहिला, मग दुसरा, तिसरा. सगळ्यात खालची गादी सगळ्यात आधी घातलेली, एवढा साधा हिशोब. पण त्या साध्या हिशोबावरून दोन मोठी माणसं रोज भांडत. पुण्याहून आलेल्या सुषमा मॅडम म्हणत, चौथा थर साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा. बडोद्याचे योगराज सर म्हणत, दोन हजारांच्या वर एक दिवस नाही.

“नदीने पात्र बदललं, मॅडम. पुराने वरची माती खाली घातली, खालची वर. तुमचे थर ऊंधे छे, ऊंधे!”

“थर सरळ आहेत, सर. तुम्हीच उलट्या बाजूने बघताय.”

मग दोघंही एकाच थर्मासमधला चहा प्यायचे. वर्षा अर्थातच मॅडमच्या पक्षात. चौथ्या थरातलं सगळ्यात देखणं खापर तिने स्वतः धुतलं होतं ना!

ते घड्याच्या बुडाचं होतं. ओला घडा कुणीतरी फडक्यावर वाळत ठेवला असणार. फडकं कधीच कुजून गेलं, पण त्याची वीण मातीत उमटून राहिली होती. मॅडमनी वर्षाला त्यावर मऊ क्ले दाबून उचलायला शिकवलं. वर्षाने क्ले उचलून उजेडात धरली. कापड पुन्हा वर आलं होतं. उभे धागे, आडवे धागे आणि मधोमध बाजरीच्या दाण्याएवढी एक गाठ.

खापर घरी न्यायला बंदी होती. क्लेला नव्हती.

संध्याकाळी तिचे वडील, आप्पा, खात्यावरून, म्हणजे लूमच्या कारखान्यातून आले. सुपडूआप्पा वीस वर्षं पॉवरलूमच्या सांच्यांवर. उभा धागा तुटला की सांचा थांबवायचा, दोन टोकं पकडायची, चिमटीत गाठ मारायची, सांचा सुरू करायचा. दिवसाला शेकडो वेळा. आई, शोभाबाई, दारात साड्यांच्या ढिगाऱ्यात बसून मागचे सुटे धागे कापत होती. तिने मान वर न करताच सांगितलं, “हात धोई ल्या पहिले.”

वर्षाने क्लेची चकती त्यांच्यापुढे धरली. “आप्पा, ओळखा. साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं कापड!”

शाळेत जायला लागल्यापासून ती घरी पुस्तकी मराठी बोलायची आणि आप्पा अहिराणीतच उत्तर द्यायचे. दोघांना त्याचं काही वाटत नसे.

आप्पांनी चकती दिव्याखाली तिरपी धरली. बराच वेळ धरली.

“हाई कथाईन लई उनी तू?”

“टेकऱ्यावरून. का?”

“सूत मन्हं नही. जाडंभरडं शे.” त्यांनी नखाने तो दाणा हलकेच चाचपला. “पन गाठ मन्ही शे.”

वर्षा खो खो हसली. आप्पा डावखुरे. त्यांच्या गाठीचा वेढा सगळ्या जगाच्या उलट पडायचा. खात्यावरची पोरं त्यावरून चिडवायची, ‘सुपडूकाका, तमारी तो गांठ पण ऊंधी!’ तेव्हाही कुणीतरी डावखुरा असेल, असं वर्षाला वाटलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे एक सुपडूआप्पा! तिने दुसऱ्या दिवशी हे टेकऱ्यावर सगळ्यांना सांगितलं आणि मॅडमनी ते आपल्या वहीत लिहूनसुद्धा घेतलं.

मग तिला चेवच चढला. दुसऱ्या आणि तिसऱ्या थरातही वीण उमटलेली खापरं निघाली होती. तिने सगळ्यांच्या चकत्या केल्या. नऊ झाल्या. मागे टाचणीने थराचा आकडा कोरला, चकत्या पत्त्यांसारख्या पिसल्या आणि आकडे खाली ठेवून फरशीवर मांडल्या. शास्त्र म्हणजे शास्त्र. थापा चालणार नाहीत.

आप्पा उकिडवे बसले. एकेक चकती उचलून सरकवू लागले.

“ह्या तीन मी नवा व्हतू तव्हयन्या. गाठन्या शेपट्या लांब ठेऊ मी. खातामाना मास्तर वरडे.” पुढच्या तीन त्यांनी मधे ठेवल्या. “ह्या तू व्हयनी, तव्हयन्या. दातघाई टोक तोडाले लागनू मी.” उरलेल्या तीन उजवीकडे. “आनि ह्या आत्तान्या.”

वर्षाने चकत्या उलट्या केल्या.

दोन, दोन, दोन. तीन, तीन, तीन. चार, चार, चार.

एकही चुकली नव्हती. फक्त क्रम उफराटा होता. जितकं खोल जावं, तितका आप्पांचा हात जुनाजाणता होत गेला होता.

“काय व, काय लावं शे तुम्हीन बापलेकसनी?” आईने कात्री ठेवली. “जेवाले बसा.”

ते जेवायला बसले. वांग्याच्या भरताची वाटी वर्षाने दोनदा भरून घेतली आणि तिला चव लागली नाही.

पुढच्या शनिवारी तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, “सर, समजा थर खरंच उलटे असले तर?”

योगराज सरांनी टाळीच वाजवली. “शाबाश! मॅडम, तुमची चेली फुटली!”

“फुटू दे,” मॅडम म्हणाल्या. “कोळशाचे नमुने लॅबला गेलेत. जानेवारीत कळेलच.”

त्याच दुपारी खड्ड्याच्या तळाशी मातीचा रंग बदलला. राखाडीखाली तांबूस पट्टा लागला. पाचवा थर. आप्पांच्या हिशोबाने ‘आत्ता’च्याही पुढचा.

त्यात वीण उमटलेली अकरा खापरं निघाली आणि थोडा कोळसाही; तो मॅडमनी लगेच मागाहून लॅबला पाठवला. वर्षाने ती धुताना एकही भाषण केलं नाही. सगळ्यांवर एकेक गाठ होती आणि अकराही गाठी एकाच माणसाने मारलेल्या, हे आता तिलाही दिसत होतं. वेढा उलटाच, डावखुरा. पण सैल. एका बाजूने कुणी दाबून धरलंच नव्हतं, अशी फुगलेली.

संध्याकाळी तिने घरी आणलेली पाचव्या थरातली चकती आप्पांनी दिव्याखाली धरली. मग आईच्या ढिगाऱ्यातून दोन धागे ओढून घेतले आणि नेहमीची गाठ मारली. ती घट्ट बसली. त्यांनी मान हलवली. पुन्हा दोन धागे घेतले. या वेळी त्यांनी डावा अंगठा तळहातात दुमडून घेतला, उरलेल्या बोटांनी धागे वळवले आणि उजव्या हाताने ओढले.

गाठ सैल पडली. एका बाजूने फुगलेली.

त्यांनी ती चकतीशेजारी ठेवली.

“आंगठा नही राहिना ते अशी पडस,” ते म्हणाले. पाऊस येईल, असं सांगावं इतक्या शांतपणे.

शेजारचे हिलालकाका त्याच खात्यावर होते. सांच्याच्या पट्ट्यात हात गेला, दोन बोटं गेली, आणि आता ते फाटकाशी स्टुलावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची गाडी लावून देतात. सांच्यावर त्यांना कुणी उभं करत नाही.

“आप्पा, तुम्ही उद्यापासून जाऊ नका.”

“येडी व्हयनी का तू? मातीन्या तुकडासाठे काम सोडू?”

ते जात राहिले. डिसेंबर गेला. ते घरी आले की वर्षा आधी त्यांचा डावा हात बघायची, मग तोंड. ताटावर बसले की बोटं मोजायची. पाच. रोज पाच. टेकऱ्यावर ती आता देवाकडे एकच मागत होती. मॅडम जिंकू देत. थर सरळ असू देत, खालचं ते आधीचं असू दे, आणि पाचव्या थरातला बिनअंगठ्याचा माणूस हजारो वर्षांपूर्वीच जगून मरून गेलेला कुणी परका असू दे.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी, सकाळी अकराच्या सुमाराला मॅडमच्या मोबाइलवर अहवाल आला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि मोबाइल योगराज सरांच्या हातात दिला. चौथा थर, साडेतीन हजार वर्षं. पाचवा, त्याहून तीनशे वर्षं जुना. थर सरळ. नदीने काहीही उलटंपालटं केलेलं नव्हतं.

सरांनी चष्मा काढला, पुसला. “मान्य,” म्हणाले. मग स्वतः मोटरसायकलवर जाऊन सगळ्यांसाठी खमण घेऊन आले.

वर्षा खड्ड्याच्या काठावर अक्षरशः नाचली. श्वेताला धरून गरागरा फिरवलं. मॅडमच्या गळ्यात पडली. तिला इतकं हसू येत होतं, की डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

ती रिक्षाने डिंडोलीला पोचली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. आप्पांची या आठवड्यात रात्रपाळी, म्हणजे ते घरीच असणार. आई साड्यांचा गठ्ठा पोचवायला गेली होती. दार उघडं होतं.

“आप्पा! मॅडम जिंकल्या! तो कुणीतरी जुनाच माणूस होता, आप्पा. तुम्ही नाही!”

आप्पा खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. खिडकीतून ऊन त्यांच्या मांडीवर पडलं होतं. ते तिच्याकडे बघून हसले.

“बरं व्हयनं,” म्हणाले.

त्यांचे हात थांबले नव्हते. खिडकीच्या गजांना, खाटेच्या दोरीला, उशीच्या कोपऱ्याला धागे बांधलेले होते. शेकडो असतील. प्रत्येकावर गाठ. सगळ्या सैल, एका बाजूने फुगलेल्या.

“हे काय?”

“सवय करी ठेवेल बरी.” ते न बघता गाठ मारत होते. झरझर, सांच्यावर मारावी तशी. “आते बरी पडस.”

वर्षा पुढे झाली. डाव्या हाताची चार बोटं धाग्यांवर फिरत होती. अंगठा तळहातात दुमडलेला, नख पांढरंफटक.

“बस झालं, आप्पा. अहवाल आलाय ना? आता अंगठा सरळ करा बघू.”

आप्पांनी हात थांबवला. तो उन्हात धरला. तळवा बघितला, त्यातल्या दुमडलेल्या अंगठ्यावरून नजर तशीच पुढे नेली, हात उलटा करून मागची बाजू बघितली. मग मुलीला वाईट वाटू नये अशा आवाजात त्यांनी विचारलं,

“कोनता आंगठा, बेटा?”