अंगठ्याआडची ओळ

"साक्षीदार बाई नेमकं काय म्हणाली, ते तुमच्या अंगठ्याखाली गेलंय," मी म्हटलं.

विद्यापीठाच्या ग्रंथालयात, स्कॅनिंगच्या खोलीच्या दारात मी लॅपटॉप उघडा धरून उभी होते. विधवांच्या पोटगीच्या जुन्या दाव्यांवर माझा प्रबंध चालला होता. कोर्टाची ती जीर्ण पानं आता डिजिटल संग्रहात घरबसल्या वाचता येत… आणि ऐन साक्षीच्या शेवटच्या ओळीवर हा निळ्या हातमोज्यातला अंगठा.

स्कॅनिंग करणाऱ्या त्या मुलानं वाकून पाहिलं. "माझाच. गुन्हा कबूल. शिक्षा काय?"

"पान पुन्हा काढायचं. अंगठेबहाद्दर कुठले."

तो हसला — आणि देवाशपथ, मी कशासाठी आले होते तेच विसरले.

पान नव्यानं आलं. 'मला पोटापुरतं नको, माझं घर द्या,' असं ती बाई म्हणाली होती. मग मात्र मला रोजच चुका सापडू लागल्या. कुठे पान तिरकं, कुठे शाई फिकी.

"एवढ्या चुका माझ्या आईनंही कधी काढल्या नाहीत," तो म्हणायचा.

"आईनं लाडावून ठेवलंय."

"मग तुम्हीही ठेवा की… थोडंसं."

मी लॅपटॉपमध्ये तोंड खुपसायची.

एक दिवस ग्रंथपालबाईंनी बोलावलं. "उरलेले गठ्ठे स्कॅन करायचे का? ते वाचणाऱ्या तुम्ही एकट्याच. लागतात असं लिहून द्या, काम चालू ठेवते. नाहीतर या आठवड्यात बंद."

मी गठ्ठे उघडून पाहिले. अपिलासाठी काढलेल्या नकला. सगळे दावे संग्रहात आधीच आलेले, शब्दन् शब्द.

तो शेजारी उभा होता. काम संपलं की त्याचं कंत्राट संपणार, आणि आईला घेऊन तो परदेशी, थोरल्या भावाच्या छापखान्यात जाणार.

"लागतात म्हणून लिहिते," मी मान वर न करता म्हणाले.

"नकला आहेत ना?"

"कोण तपासायला बसलंय…"

"वरचा बसलाय की," त्यानं हसून पाहिलं, जमलं नाही. "आणि खाली तुम्ही. उद्यापासून माझ्याकडे बघताना तुम्हाला ते खोटंच दिसेल. मला तसं बघितलेलं नाही चालणार."

"मग इथंच दुसरं काम शोधा."

"शोधलं नसेल का? सगळीकडे 'कळवतो' म्हणाले." तो गठ्ठ्याची दोरी बोटाला गुंडाळत राहिला. "आईची औषधं थांबत नाहीत हो. नाहीतर मी थांबलो असतो… तुमच्यापाशी. कायमचा."

इतके दिवस ज्या शब्दांसाठी जीव टांगला होता, ते आले आणि सोबत निरोपही घेऊन आले.

"मला न्या तिकडे."

"आणि बाबा?"

अंथरुणाला खिळलेल्या बाबांना कूस बदलायलाही मीच लागते, हे मीच तर त्याला सांगितलं होतं.

त्यानं टेबलावरचं पेन माझ्यापुढे सरकवलं. मी लिहिलं : गरज नाही.

"बरं झालं खरं सांगितलंत," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "केवढा व्याप वाचला."

"हो," मी म्हटलं.

जिना उतरताना सवयीनं देवाचं नाव घ्यायला गेले… ओठांवर त्याचं आलं.