चौसष्टावी ओळ

हे कोणाला सांगायचं नाही, असं मी बाबांना कबूल केलं आहे. तसं सांगणं मला जमतही नाही. समोर चार माणसं असली की माझा आवाज घशातच बसतो, म्हणून वर्गात मला ‘मुकी’ म्हणतात. माझं खरं नाव फक्त शाळेच्या हजेरीत आहे, तिथेही मी नुसता हात वर करते. पण लिहिणार नाही, असं मी कबूल केलेलं नाही. आज चार वाजता चौकातल्या शिळेवरचा पडदा काढणार आहेत. त्याआधी हे कागदावर यायला हवं.

बाबा दगडावर अक्षरं कोरतात. खाली कारखाना आहे आणि वर आम्ही तिघं राहतो, बाबा, आत्या आणि मी. आमच्याकडे सगळ्यावर पांढरी धूळ असते. आत्या म्हणते, “या घरात तोंडाला पावडर लावायची गरजच नाही, नुसतं दोन मिनिटं खाली जाऊन उभं राहायचं.”

बाबांच्या कामाचे दोन नियम आहेत. पहिला म्हणजे कोरताना ते नाव वाचत नाहीत. “वाचलं की माणूस दिसतो,” ते म्हणतात, “आणि माणूस दिसला की हात हलतो.” ते फक्त आकार बघतात. म्हणून यादी मी उतरवते. आखीव कागदावर मोठ्या, सारख्या अक्षरांत लिहिते, ते कागद दगडावर चिकटवतात आणि छिन्नी धरतात. कोरून झालं की तपासायचंही मीच. प्रत्येक अक्षराच्या खाचेतून बोट फिरवायचं आणि नाव मनात म्हणायचं. एकूण काय, नावं वाचणारी घरात मी एकटीच.

दुसरा नियम असा की दगडावर रिकामी ओळ सोडायची नाही. जागा उरलीच तर तिथे पान कोरायचं, नाहीतर नुसती रेघ मारायची. का, असं मी लहानपणी विचारलं होतं. “दारात रिकामी खुर्ची ठेवली की कोणीतरी येऊन बसतंच,” बाबा म्हणाले होते.

आमच्या गावातून लढाईवर गेलेल्यांची एक जुनी पितळी पाटी शाळेत होती. तिच्यावर बंदूकवाल्यांचीच नावं होती. जखमींना पाठीवर घालून आणणारे, स्वयंपाकी, खेचरं हाकणारे, कपडे धुणारे, तेही त्याच लढाईत, डोंगरावरच्या त्याच थंडीत मेले, पण त्यांची पाटी कुठेच नव्हती. ते नदीपलीकडच्या वस्तीतले होते. यंदा गावाने ठरवलं की मोठी शिळा उभी करायची आणि सगळ्यांची नावं एका रांगेत घालायची. हुद्दा नाही, घराणं नाही, वस्ती नाही. जो ज्या दिवशी गेला, त्या क्रमाने. एकूण चौसष्ट नावं.

सतरावं नाव माझ्या पणजोबांचं. त्यांचा फोटो आमच्या जिन्यात आहे, खाली काचेत पदक आहे. दरवर्षी स्मृतिदिनाला त्या पितळी पाटीखाली फुलांचं चक्र ठेवायचा मान त्यांच्यामुळे माझ्याकडे होता, मी सहा वर्षांची असल्यापासून. त्या दिवशी सगळं गाव माझ्याकडे बघायचं, आणि मला एक शब्दही बोलावा लागायचा नाही. वर्षातला तेवढा एकच दिवस माझा होता.

यंदा मुख्याध्यापिकांनी वर्गात येऊन सांगितलं, “नावं घंटी वाचेल. आणि या वेळी चक्रही तीच ठेवेल. इतकी वर्षं पलीकडच्या कोणाला बोलावलंच नाही आपण.”

घंटी माझ्या बाकावर बसते. तिचा आवाज इतका खणखणीत आहे की शाळा सुटल्याचं शिपायाच्या आधी तीच सांगते. म्हणून घंटी. आमच्या दोघींच्या जोडीला सगळे हसतात. मुख्याध्यापिका बाहेर गेल्या आणि सगळा वर्ग टाळ्या वाजवू लागला. मीही वाजवल्या. माझे तळहात कितीतरी वेळ जळत होते.

त्याच दुपारी ती यादी बघायला कारखान्यात आली.

“मुके, माझे पणजोबा कितवे?”

मी एका हाताची सगळी बोटं तीनदा उघडली, मग तीन दाखवली.

“अठरावे! आणि तुझे?”

“सतरावे.”

“म्हणजे शेजारी-शेजारी! एकाच दिवशी गेले की गं.” ती हसायला लागली. “माझे अखंड बोलत असणार आणि तुझे नुसते मान हलवत असणार.” मग तिने दगडावर हात ठेवला. “आमच्याकडे फोटो नाही गं. नाक कसं होतं तेही कोणाला माहीत नाही. घरात एवढंच सांगतात की ते पाठीवर माणसं आणायचे. तुझ्या बाबांनी नाव कोरलं ना, की मी आमच्या बाबांना घेऊन येणार आहे, हात लावायला.”

ती गेल्यावर मी यादी उतरवायला बसले. सतरावं नाव लिहिलं. मग एकोणिसावं लिहिलं.

चुकून नाही. लेखणी अठराव्या नावावर थांबली होती. मला दिसत होतं, घंटी हातात फुलांचं चक्र घेऊन चालते आहे आणि सगळं गाव तिच्याकडे बघतं आहे. मला वाटलं, नाव नसलं तर तिला कोण बोलावेल? मी पुढचं नाव लिहिलं. अक्षर जराही हललं नाही.

बाबांनी अकरा दिवसांत सगळं कोरलं. चौसष्ट ओळी त्यांनी आधीच सुतळीने आखल्या होत्या. शेवटच्या दिवशी त्यांनी छिन्नी खाली ठेवली आणि दगडाकडे बघत राहिले.

“एक ओळ उरली.”

“मोजताना... चुकलं असेल,” मी म्हणाले.

“मी मोजताना चुकत नाही.” त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण पुढे विचारलं नाही. “उद्या पान कोरतो. दगड उचलणाऱ्यांना आधी भेटून येतो. तू बोट फिरवून घे. आणि दार उघडं टाकू नकोस.”

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी खाली एकटी होते. आत्या वर झोपली होती. मी दार लावून घेतलं होतं. वरच्या झडपेतून उन्हाची एक पट्टी दगडावर पडली होती आणि तिच्यात धूळ तरंगत होती. मी डोळे मिटले आणि पहिल्या नावापासून बोट फिरवायला लागले.

बाराव्या की तेराव्या ओळीला वास आला. ओल्या लोकरीचा, आणि त्याखाली औषधाचा, दवाखान्यात जखम धुतात तसला. कडक ऊन होतं आणि तरीही माझी बोटं गार पडत चालली होती. मला वाटलं, दगड आहे, गारच असणार.

मग पावलं ऐकू आली. पाठीवर ओझं घेतलेल्या माणसाची होती ती. एक पाऊल, मग दम, मग दुसरं पाऊल. आमच्याकडे दगड वाहणारे येतात, ती चाल मला ओळखता येते. पावलं बंद दाराकडून आली आणि माझ्या मागे थांबली. माझं बोट सतराव्या नावावर होतं. पणजोबांच्या नावाची खाच ओली लागली.

मी डोळे उघडले नाहीत.

“पोरी...” आवाज दमलेला होता, पण अगदी मऊ. “माझी ओळ कुठंय गं?”

मी बोट खाचेत तसंच दाबून धरलं.

“ओळीत उभा राहिलो, तर यांना उतरवता येईल. किती वर्षं झाली... पाठ नुसती भरून आली आहे.”

त्याच्या पाठीवरचा माणूस कण्हला. माझ्या मानेवर गार श्वास आला.

“नाव सांग माझं,” तो पहिला आवाज म्हणाला. “एकदाच सांग. तुला माहीत आहे ना?”

मला माहीत होतं. अठरावं नाव माझ्या जिभेवर आलं होतं. नुसतं उच्चारलं असतं तर पुरलं असतं, हे मला तेव्हाही कळत होतं. मी तोंड उघडलं. आणि मला पुन्हा ती दिसली, फुलांचं चक्र घेऊन चालणारी, सगळ्यांची नजर अंगावर घेऊन चालणारी. मी तोंड मिटलं.

मग पाठीवरचा आवाज आला. तो आवाज मी आधी कधीच ऐकला नव्हता, तरी जिन्यातला फोटो बोलला असता तर असाच बोलला असता.

“सांगणार नाही ती. माझ्याच घरची आहे... मी ओळखतो.”

“मग?”

“मग उतरव मला इथेच. माझ्या ओळीत तू उभा राहा.”

“आणि तुमची जागा?”

“एक रिकामी ठेवली आहे ना तिने.” श्वास माझ्या कानाशी आला. “ती भरेल. ज्याने ठेवली, तोच भरेल.”

कोणीतरी काहीतरी फार हळू जमिनीवर ठेवलं. मी डोळे उघडले, तेव्हा कारखान्यात कोणी नव्हतं. दार बंदच होतं. जमिनीवरच्या पांढऱ्या धुळीत मात्र माणूस निजेल एवढी लांब जागा स्वच्छ पुसली गेली होती.

मी दगडाकडे बघितलं. सतराव्या ओळीत घंटीच्या पणजोबांचं नाव होतं. बाबांच्याच वळणाचं, बाबांच्याच खोलीचं. आणि माझ्या पणजोबांचं नाव चौसष्ट ओळींत कुठेच नव्हतं.

बाबांना काही कळलं नाही, कारण ते वाचत नाहीत. त्यांनी शेवटच्या ओळीत पान कोरलं. सकाळी तिथे दगड गुळगुळीत होता. त्यांनी पुन्हा कोरलं, पुन्हा तेच. तेव्हा मी रडत रडत त्यांना सगळं सांगितलं. एवढं सलग मी आयुष्यात कधी बोलले नसेन. ते मला रागावले नाहीत. पहिल्यांदाच ते दगडासमोर बसले आणि सतराव्या ओळीपाशी बोट फिरवत नाव वाचलं. मग शेवटच्या ओळीत त्यांनी स्वतःच्या आजोबांचं नाव कोरलं. त्यांचा हात हलत होता. आम्ही दोघं रात्रभर तिथेच दिवा लावून बसलो. आमच्या डोळ्यांदेखत काहीच झालं नाही. उजाडलं आणि दिवा विझवला, तेव्हा ओळ कोरी होती.

“कोणाला सांगायचं नाही,” बाबा म्हणाले. “घंटीला तर मुळीच नाही. तिच्या घरचं नाव आलंय ना दगडावर? मग झालं.”

तीन दिवसांपूर्वी शिळा चौकात उभी केली आणि वर पडदा टाकला. घंटी तिच्या बाबांना घेऊन आली होती. त्यांनी पडद्याखाली हात घालून नाव शोधलं आणि कितीतरी वेळ हात काढला नाही. “अठरावं म्हणाली होतीस, हे तर सतरावं आहे,” घंटी मला म्हणाली. “असू दे, एक नंबर वर चढले!”

मला तेव्हाही हेवा वाटला. खोटं कशाला लिहू? तिच्या घरी आता नाव होतं आणि आमच्या घरी नुसता फोटो.

शाळेत जाताना मी रोज पडद्याखाली हात घालते आणि शेवटच्या ओळीवर बोट फिरवते. पहिल्या दिवशी काही नव्हतं. काल एक उभी रेघ लागली, नुकती कोरल्यासारखी, कडा धारदार. मी मनाला समजावलं की पणजोबा परत येत असतील. उभी रेघ काय, कोणाच्याही नावात असते. आज सकाळी मात्र मी हात घातला नाही. घंटीला सगळं सांगायचं, तिने नावं वाचायच्या आधी, असं ठरवून घरी आले. सांगणं जमणार नाही म्हणून हे लिहायला बसले.

आत्ता घंटी खालून ओरडते आहे, “मुके! चल लवकर! मी पडद्यात डोकं घालून सगळी नावं एकदा वाचून आले. शेवटचं कोणाचं आहे माहीत आहे? मला तर हसूच आलं, म्हटलं, ही कशी काय...”

ती मध्येच थांबली. बोलताना थांबलेली घंटी मी आजवर कधी ऐकली नव्हती.

जिन्यावर पावलं आहेत. तिची नाहीत. ही चाल मला ओळखता येते, फक्त या वेळी ती हलकी आहे, पाठ मोकळी असलेल्या माणसाची. फोटोपाशी थांबून ती पुन्हा वर येते आहे. आणि कोणीतरी फार मऊ आवाजात मला हाक मारतं आहे. मुकी म्हणून नाही. माझ्या खऱ्या नावाने, जसं यादीतून एकेक नाव वाचतात तसं, आणि मी हात वर करायच्या आधीच