पाचवीच्या रात्रीचं दूध

पाचवीच्या रात्री बाळंतिणीच्या खोलीत दिवा नव्हता. पहिलं खटकलं ते एवढंच.

सटवाई बाळाचं नशीब लिहायला येते ती ही रात्र. दिवा तेवत ठेवतात, बायका जागत बसतात. इथं दार नुसतं लोटलेलं आणि आत गुडुप अंधार. चारुलता उंबऱ्यावरच थबकली. पोरगी मुळात भित्री, पान सळसळलं तरी दचकायची. ही गोष्ट मला सांगणारे नानाजी तिचे सख्खे मामा, तेव्हा खोटं म्हणायची सोय नाही. साल चौपन्न, पौषातली अवस, पाचपावली भागातली विणकरांची गल्ली.

ती डॉक्टर सत्यवतीबाईंच्या हाताखाली काम करायची, आणि आली होती त्यांच्याच सांगण्यावरून. या गल्लीतली निम्मी पोरं बाईंच्या हातून जन्मलेली, आणि उरलेल्यांना आईच्या छातीशी लावायला बाई घरोघर बसलेल्या. उभं आयुष्य त्या एकाच गोष्टीपायी भांडल्या: पहिलं पिवळं दूध, तो चीक, फेकू नका. पण दुपारी श्रावण विणकर रडकुंडीला येऊन गेला होता. त्याच्या आईनं, भागीरथाबाईनं, चीक नासका म्हणून मोरीत पिळायला लावला आणि बाळाला गुळाचं पाणी चाटवलं. आता बाळ तोंड उघडेना, आणि बायको सुमती तापानं फणफणलेली.

बाईंचं खुब्याचं हाड मोडलेलं. त्या खाटेवरून म्हणाल्या, "चारू, तू जा. आज रात्री ते प्यायलं नाही तर सकाळ पाहणार नाही."

पण आधीची एक बाळंतीण मोकळी होईस्तोवर चारुलतेला रात्रच झाली.

पिशवीत बत्ती होती. बाईंचा दंडक मात्र कडक. बाळंतिणीवर बत्ती मारायची नाही. उजेडात इथल्या बायका पदर सोडत नाहीत, अंग चोरून बसतात. काम हातानं करायचं, डोळ्यानं नाही. आणि आधी बाळ छातीशी, बाकी विचारपूस मागून.

"सुमती?"

कोपऱ्यातून आवाज आला. "बाई नाही आल्या?"

"त्यांना उठवत नाही गं. मी चारुलता, त्यांच्याकडची."

"मग लवकर करा. मले जायचं आहे."

"सव्वा महिना कुठं जातेस आता?" चारुलता हसली. ते हसू तिचं तिलाच मोठं वाटलं.

चाचपडत टोपलीतलं बाळ सापडलं. चिंधीसारखं हलकं, पण धुगधुगी होती. तिनं ते सुमतीच्या कुशीत दिलं आणि तिच्या पाठीला आपला खांदा लावला.

पाठ गारठलेली होती. दुपारी तर ताप होता.

"थंडी वाजून राहिली का?"

"नाही."

"भागीरथाबाई," चारुलतेनं हाक मारली, "जरा शेगडी आणता का?"

कुणी ओ दिली नाही. गल्लीत एकही माग खटखटत नव्हता.

तिनं बाळाचा ओठ बोटानं हलकेच छेडला. काही नाही. परत छेडला. वाट पाहिली. तोंड उघडलं तसं तिनं बाळ झटकन जवळ ओढलं. चुकलं. परत.

मग एक घोट वाजला. आणखी एक.

तिच्या बोटावर दूध ओघळलं. गरम.

अंग गार... दूध गरम.

"सासूबाईवर रागावू नका," सुमती हळूच म्हणाली. "तिले माहीत नव्हतं."

चारुलतेनं बाळाची मान सावरली. तिच्या खांद्यावर सुमतीची पाठ टेकलेली होती. पुढं बाळाचं पोट वरखाली होत होतं. पाठ होत नव्हती. चारुलतेनं स्वतःचा श्वास रोखला. थांबली. मोजलं नाही, नुसती थांबली.

पाठ हललीच नाही.

"भागीरथाबाई..."

बाळ पीत होतं. घोट... घोट. मग तेही थांबलं.

"झालं त्याचं?" सुमतीनं विचारलं. शब्द आले. श्वास आला नाही.

"झा... झालं."

खांद्यावरचं वजन गेलं. उठल्याचा आवाज नाही. बांगडी वाजली नाही. बाळ तेवढं चारुलतेच्या मांडीवर होतं. जड, झोपलेलं.

बत्ती... पिशवी कुठं ठेवली?

"कोणी आहे का?" हात जमिनीवर चाचपडत होता. "कोणी आहे का हो?"

काही नाही.

"कोणी..."

दारात कंदील आला. मागं भागीरथाबाई, एका हातात लोटी. उजेड कोपऱ्यापर्यंत पोचला. खाट भिंतीला उभी केलेली. गोधड्या नव्हत्या. कोपऱ्यात कुणीच नव्हतं.

म्हातारीनं बाळाकडे पाहिलं. त्याच्या हनुवटीवरून दुधाचा ओघळ गळ्यात उतरला होता.

"सुमतीले तर दिवेलागणीच्या आधीच नेलं, बाई," ती म्हणाली. "माणसं घाटावरून यायची आहेत. मी याच्यासाठी शेळीचं दूध आणाले गेली होती."

तिनं लोटी खाली ठेवली.

"याले पाजलं कोणं?"